मोरचुदी

चौथीत मांजरेकरबाईंनी रंगांची नावं विचारली.
कुणी आकाशी म्हणालं, कुणी अस्मानी, कुणी पारवा.
मी म्हटलं, मोरचुदी.
बाई हसल्या नाहीत, एवढं खरं.
"असा रंग नसतो, यमुने," म्हणाल्या,
आणि फळ्यावरची यादी तिथेच थांबली.

असतो.
श्रीवर्धनला आमच्या आळीत
केळीच्या पानांवर असतो, मिरवेलीवर ठिपके ठिपके,
विहिरीच्या कठड्यावर, कुत्र्याच्या पाठीवर,
अण्णांच्या नखांत तर दिवाळी होईपर्यंत.

हुर्झुकांच्या दुकानात पोतंभर खडे,
खडीसाखरेसारखे,
म्हणून पोरांनी त्या कोपऱ्यात जायचं नाही.
रात्री ते प्लास्टिकच्या पिंपात भिजत पडत.
लोखंडाच्या भांड्यात नाही, लोखंड खातं ते.
दुसऱ्या पिंपात चुना.
सकाळी दोन्ही एकत्र ओतताना
गर्द निळ्यात दूध सांडल्यासारखं व्हायचं
आणि जे उरायचं त्याला समुद्र म्हणता यायचं नाही,
आभाळ तर नाहीच.

अण्णा विळ्याचं पातं त्यात बुडवून धरत.
पात्यावर तांबूस चढलं की म्हणत,
"चुना कमी हाय. झाड जाळंल."
मग मूठभर चुना. मग पुन्हा विळा.
पातं कोरं निघालं की आई पंपावर पाय ठेवी
आणि वर, शेंड्याशी, नळी धरून
एका सुपारीवरून दुसरीवर झुलत जाई
निळा होत चाललेला माणूस.

शब्द कुठून आला हे विचारायला
मला तिशी उलटावी लागली.
हुर्झुकचाचा म्हणाले, मुंबईहून येतो, गोणीवर लिहिलेलं असतं.
जेटीवरचा काशा तांडेल म्हणाला, मोराच्या चोचीचा रंग तो.
मोर त्यानं पाहिला नव्हता.
बिवलकर वैद्यांनी मात्र चष्मा पुसला.
"मयूरतुत्थ. मोराच्या गळ्यासारखा म्हणून मयूर,
तुत्थ म्हणजे हा खडा.
त्याचा चूद कधी झाला, कुणी केला, मला विचारू नकोस.
घाटाच्या पायऱ्या झिजतात, तसे शब्द झिजतात."
मग शेजाऱ्याची भानगड सांगावी तसा आवाज उतरवून,
"पोथ्यांत म्हणतात, गरुड आधी विष प्याला,
त्यावर अमृत. पोटात दोन्ही नांदेनात.
डोंगरावर जे ओकला,
ते गोठून हे झालं."

चहा तसाच राहिला माझा.

विहिरीमागे, कर्दळीच्या आड,
फवारणीच्या दिवशी तिन्हीसांजेला
अण्णा वाकून बसलेले असत.
आई कळशी घेऊन जाई आणि काही न बोलता परत येई.
आम्ही विचारलं तर, पित्त झालंय.
ऊन लागलंय.
कालचं कालवण बाधलंय.
दर वर्षी, नेमकं त्याच चार दिवसांत,
कालचं कालवण.

बापटांच्या बागेत कोळेरोग कधी शिरला नाही.
त्यांच्या सुपारीला चांगला भाव येई.

परवा घरी गेले तेव्हा अण्णांना गोष्ट सांगितली,
गरुड, डोंगर, सगळी.
पडवीत बसून ऐकली त्यांनी,
हात मांडीवर पालथे ठेवून.
नखं आता पांढरी आहेत.
बघून दुसऱ्याच कुणाचे हात वाटतात.
"इख समजलं," म्हणाले,
"त्यात अमृत कंचं?"

मी चुना म्हणावं की सुपारी म्हणावं,
की आमची शाळेची फी म्हणावं, सुचेना.
खालच्या आळीत कुणीतरी पंप मारत होतं,
फुस्स, फुस्स, दम घेऊन फुस्स.
मग त्यांनीच विचारलं,
हल्ली किलोला काय पडतं गो मोरचूद.